ख्रिस्तपुराणकर्ते फादर स्टीफन्स

आद्यकवि मुकुंदराज आणि पासोडीकार दासोपंत यांच्या समाध्या ज्या अंबाजोगाईंत आहेत, तेथील ख्रिस्ती मंडळीस ओवी म्हणजे काय हें सांगावयास नको. दासोपंत १६१५ सालीं निवर्तले. दुसऱ्याच वर्षीं गोव्यांतील राचोल येथें एका इंग्रज धर्मगुरूनें रचिलेलें ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापून निघालें. त्या फादर थॉमस स्टीफन्स यांचें चरित्र आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवी स्मरणिकेंत द्यावें, असें वाटण्यास माझें एक खासगी कारणही आहे. तें पुढें सांगतों.

त्यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडांत विल्टशायर परगण्यांतील बुश्टन गांवीं झाला. पवित्र शास्त्र एकटेंच प्रमाण, कीं त्याजबरोबर ख्रिस्तसभेची परंपराही, या वादानें तेव्हां युरोपांत घरें फुटत होतीं. इंग्लंडांत राजसत्तेनें कॅथोलिक उपासना बंद पाडिली होती. स्नेही थॉमस पाऊंड यांच्यासह रोमला जावें असा त्यांचा बेत होता. परंतु पाऊंड पकडले गेले व अनेक वर्षें तुरुंगांत राहिले. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोंचले, १५७५ सालीं येशूसंघांत दाखल झाले, आणि ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बन सोडून २४ ऑक्टोबर रोजीं गोव्यास उतरले. पुढील चाळीस वर्षें त्यांनीं मायदेश पाहिला नाहीं.

त्यांचें बहुतेक आयुष्य साष्टी प्रांतांत गेलें. तेथें देवळें पाडलीं गेलीं होतीं व जुन्या पोथ्यांवर बंदी होती. हें लिहितांना लेखणी अडखळते, पण तें गाळून हें चरित्र सांगतां येणार नाहीं. ग्रंथाच्या आरंभींच कथा आहे कीं, एके रविवारीं मुलांस धर्मशिक्षण देणें चाललें असतां एक ब्राह्मण पुढें आला व म्हणाला कीं, जुनीं पुराणें तुम्हीं वर्ज्य केलीं, मग त्यांच्या जागीं आम्हांस वाचावयास नवें पुराण कां देत नाहीं? त्या प्रश्नाचें उत्तर म्हणजे या सुमारें अकरा हजार ओव्या. पहिल्या पुराणांत जगाच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंतचा भाग आहे; दुसऱ्यांत प्रभूचें चरित्र. नागरी खिळे नसल्यामुळें मराठी ओवी रोमन अक्षरांत छापावी लागली.

हें भाषांतर नव्हे. फादरांनीं शास्त्रांतील कथा निवडल्या, जुळविल्या, त्यांवर विवरण केलें व त्यांस काव्याचा साज चढविला. मराठींतील नवा करार बंगालमधील सेरामपूरहून निघाला तो १८११ सालीं. तोंवर दोन शतकें पुराण ऐकणाऱ्यांस शास्त्र कोठें संपतें व सांगणाऱ्याचा विस्तार कोठें सुरू होतो, हें ताडून पाहण्यास आपल्या भाषेंत साधनच नव्हतें. आपणांजवळ तें आहे, आणि तरी आपण तें उघडीत नाहीं. त्यांत पहिला दोषी मी.

कित्येक वर्षें प्रायश्चित्तकाळांत मीं मरिया मग्दालेना हिला पापी स्त्री म्हणून उभें केलें. एकदां प्रवचन संपल्यावर, उतारवयांत अक्षरें शिकलेल्या एका बाईंनीं बायबल माझ्यापुढें धरून, हें कोणत्या पानावर आहे, असें विचारलें. मीं संत लूक उघडला. सातव्या अध्यायांतील पापी स्त्रीस नांवच नाहीं. मग्दालेना येते आठव्यांत, आणि तेथें तिच्यांतून सात भुतें निघालीं एवढेंच आहे. संत योहानांत तर पुनरुत्थित प्रभूनें शिष्यांकडे निरोप देऊन पाठविली ती हीच. पोप संत ग्रेगरी महान यांनीं ५९१ सालच्या प्रवचनांत ती पापी स्त्री, मग्दालेना व बेथानीची मरिया या तिघींस एक मानिलें, आणि तें चालत आलें. १९६९ सालच्या उपासना-दिनदर्शिकेनें ती गुंतागुंत सोडविली, व २०१६ सालीं तिच्या दिवसास प्रेषितांच्या सणाचा मान मिळाला. माझ्या प्रवचनांत मात्र ती पापीच राहिली होती. त्या बाईंना मला उत्तर देतां आलें नाहीं. पुढच्या रविवारीं वेदीजवळून चूक कबूल केली. साष्टींतील तो विचारणारा ब्राह्मण मला त्याच आठवड्यांत आठवला.

मग एकेक गोष्ट उघडून पाहण्याची खोड लागली. उत्पत्तींत फळ आहे, सफरचंद नाहीं. दमास्कसच्या वाटेवर संत पौल पडले, पण घोड्यावरून असें प्रेषितांच्या कृत्यांत कोठें लिहिलेलें नाहीं. मात्र शास्त्रांत नाहीं तें सारें टाकाऊ, असें मी म्हणत नाहीं. पवित्र मरियेच्या आईबापांचीं नांवें, योआकीम व आन्ना, शुभवर्तमानांत नाहींत. तीं प्राचीन परंपरेनें दिलीं, आणि २६ जुलैस त्यांचा सण आपण आनंदानें करतों. त्या परंपरेसाठीं इंग्लंडांत माणसें तुरुंगांत गेलीं, हें पाऊंडांचा मित्र विसरला नसेल. शास्त्र कोणतें, परंपरा कोणती आणि नुसती कल्पना कोणती, हें विचारणाऱ्यास सांगतां आलें पाहिजे, इतकेंच.

फादर स्टीफन्स १६१९ सालीं गोव्यांत निवर्तले. पुराणाच्या आवृत्त्या १६४९ व १६५४ मध्यें पुन्हां निघाल्या, पण त्या काळची एकही छापील प्रत उरली नाहीं. १६८४ मध्यें पोर्तुगीज सत्तेनें लोकभाषेविरुद्ध हुकूम काढला. तरी घराघरांत हातांनीं उतरलेल्या पोथ्या राहिल्या, आणि अशा पोथ्यांवरूनच १९०७ सालीं मंगळूर येथें सालढाणा यांनीं ग्रंथ पुन्हां छापला.

आपल्या नाताळच्या गव्हाणींत तीन राजे अद्यापि उभे आहेत, व यंदाही राहतील. धर्मशिक्षणाच्या वर्गांतील मुलें मात्र संत मत्तयाचा दुसरा अध्याय उघडून सांगतात कीं, मोजलेल्या आहेत त्या भेटी तीन. माणसें किती, तें लिहिलेलें नाहीं.