मॅथ्सचे कर्वे सर

‘इंडिपेंडंट’ हा शब्द आपल्या हॉस्टेलमध्ये दिवसातून दहा वेळा तरी कानावर पडतो. फर्स्ट इयरला बॅग घेऊन आलो, की आपण सगळेच इंडिपेंडंट होतो. रात्री दोनला मॅगी, रविवारी बारापर्यंत झोप, मनात आलं की अंधेरीहून चर्चगेटची फास्ट पकडायची, विचारणारं कोणी नाही! फक्त फी, मेसचं बिल आणि मोबाइलचा रिचार्ज एवढंच घरून येतं. म्हणजे स्वातंत्र्य आपलं आणि खर्च बाबांचा!

स्वतःच्या मतानं जगायचं आणि त्याचं बिलही स्वतःच भरायचं, असं आयुष्यभर करून दाखवलेल्या एका माणसाबद्दल मला लिहायचंय. ते सैनिक नव्हते, पुढारी नव्हते. ते गणिताचे प्रोफेसर होते. नाव रघुनाथ धोंडो कर्वे. मराठीत त्यांना सगळे र. धों. म्हणतात.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे मराठी पुस्तक हातात घेतलं, की दोन पानांत माझी गाडी अडते. र. धों.चं लिखाण मात्र मला सरळ वाचता आलं. अलंकार नाहीत, फुलोरा नाही. हे गृहीत धरलं तर ते सिद्ध होतं, म्हणून हे करावं, एवढंच. अगदी एम-थ्रीच्या पेपरात थिअरम प्रूव्ह करावा तसं!

कर्वे हे आडनाव आपल्याला माहीत असतं ते त्यांच्या वडिलांमुळे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू केलं. तेच आजचं एसएनडीटी. जुहूचा एसएनडीटीचा कॅम्पस इथून किती जवळ आहे हे आपल्या हॉस्टेलच्या मुलांना मी सांगायला नको! र. धों. हे या महर्षींचे थोरले चिरंजीव.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा, कोकणातल्या मुरुडचा. आई राधाबाई १८९१ मध्ये बाळंतपणात गेल्या. रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचे होते. दोन वर्षांनी, १८९३ मध्ये, वडिलांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. आज यात कोणाला काही वाटणार नाही, पण तेव्हा गावानं या कुटुंबाला वाळीत टाकलं. म्हणजे अकरा वर्षांच्या मुलाला दोन गोष्टी घरातच बघायला मिळाल्या. बाळंतपण बाईचा जीव घेऊ शकतं, ही एक. आणि माणूस बरोबर वागला तरी गाव त्याच्या विरोधात जाऊ शकतं, ही दुसरी. या दोन गोष्टींमुळेच ते पुढे तसे झाले, असं सिद्ध करता येणार नाही. पण त्यांचं पुढचं आयुष्य वाचताना मला त्या दोन गोष्टी सारख्या आठवत राहिल्या.

अभ्यासात मुलगा जबरदस्त. १८९९ च्या मॅट्रिकला पहिला! फर्ग्युसन कॉलेजातून १९०४ मध्ये बी. ए. आणि विषय अर्थात गणित. वडीलही फर्ग्युसनमध्ये गणितच शिकवायचे. १९१९ मध्ये गणिताच्या पुढच्या शिक्षणासाठी ते पॅरिसला गेले, फ्रेंचवर प्रभुत्व मिळवलं आणि परत येऊन गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजात शिकवू लागले. फॉरेन रिटर्न, कॉलेजात प्रोफेसर, वडील एवढे प्रसिद्ध. आजच्या भाषेत लाइफ सेट!

आणि इथंच गोष्ट वळण घेते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. भारतातलं हे पहिलं असं केंद्र. लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंनी आपलं केंद्र उघडलं तेही १९२१ मध्येच. न्यूयॉर्कला मार्गारेट सँगर यांनी १९१६ मध्ये असं केंद्र काढलं, तेव्हा पोलिसांनी थोड्याच दिवसांत ते बंद करून त्यांना अटक केली होती. म्हणजे जगाच्या मागे पन्नास वर्षं असलेला हा माणूस नव्हता, तो जगाच्या बरोबरीनं चालला होता. १९२३ मध्ये त्यांचं ‘संततिनियमन’ हे पुस्तक आलं. मूल कधी हवं, किती हवीत आणि मुळात हवं की नको, हे त्या स्त्रीनं ठरवायचं, समाजानं नाही, हा त्यांचा मुद्दा.

विल्सन हे मिशनऱ्यांचं कॉलेज. आपला प्रोफेसर चारचौघांत असल्या विषयावर बोलतो, लिहितो, हे व्यवस्थापनाला मानवणं शक्यच नव्हतं. प्रश्न सरळ होता, प्रचार बंद करा नाहीतर नोकरी सोडा. १९२५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली.

कॅम्पस इंटरव्ह्यूच्या सीझनमध्ये हे वाक्य जरा सावकाश वाचा. त्रेचाळिसाव्या वर्षी, दुसरी नोकरी हातात नसताना, त्यांनी नोकरी सोडली. गप्प राहून महिन्याच्या महिन्याला पगार घेता आला असता. वर्गात डिफरन्शियल इक्वेशन्स शिकवायच्या आणि मतं घरी ठेवायची. आपल्यापैकी बहुतेक जण हेच करतील, मीसुद्धा कदाचित हेच करीन. पण त्यांच्या हिशेबात हे बसत नव्हतं. कॉलेजात पुन्हा पर्मनंट होण्याचा विषय तिथंच संपला.

मग त्यांनी काय केलं? जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ नावाचं मासिक काढलं. त्याच वर्षी मार्चमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह केला होता. या मासिकात लैंगिक शिक्षण, गुप्तरोग, संततिनियमन, स्त्रीपुरुष समता, धर्मातल्या अंधश्रद्धा, सगळ्यावर उघड लिहिलेलं असायचं. वाचक पत्रानं प्रश्न विचारायचे आणि र. धों. त्यांची शास्त्रीय उत्तरं छापायचे. या कामाला ना संस्था होती, ना मोठा स्टाफ. लिहिणं, संपादन, छपाईची धावपळ, पैशांची जुळवाजुळव, सगळं एकहाती. मासिकात फायदा नव्हताच, उलट पदरमोड. पण सव्वीस वर्षं ते चाललं! आपलं कॉलेज मॅगझिन वर्षातून एकदा निघतं, त्यासाठी वीस जणांची कमिटी असते आणि तरी मार्चचा अंक जूनमध्ये येतो, हे लक्षात घ्या म्हणजे सव्वीस वर्षं म्हणजे काय ते कळेल.

आता त्या प्रश्नोत्तरांची गंमत वाटत असेल, तर एक सांगते. आमच्या शाळेत दहावीला रिप्रॉडक्शनचा धडा आला तेव्हा टीचरनी पान उलटलं आणि हा धडा घरी वाचून या म्हणून सांगितलं. वर्गात खसखस पिकली आणि विषय संपला. पुढे जे काही कळलं ते मैत्रिणींकडून, अर्धं खरं, अर्धं भलतंच. आपल्या हॉस्टेलमध्ये किती जणांना याचं नीट शिक्षण मिळालंय? हात वर करा! ज्या प्रश्नांना आपल्या शाळांनी पान उलटून उत्तर दिलं, त्या प्रश्नांना हा माणूस १९२७ पासून तोंड वर करून उत्तरं देत होता.

त्याची किंमतही त्यांनी मोजली. १९३१ मध्ये व्यभिचाराच्या प्रश्नावरच्या लेखासाठी अश्लीलतेचा खटला झाला आणि शंभर रुपये दंड झाला. डिसेंबर १९३३ च्या अंकात वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून दुसरा खटला झाला. प्रश्न हस्तमैथुन आणि समलिंगी संबंधांबद्दलचे होते. या खटल्यात त्यांचं वकीलपत्र कोणी घेतलं माहितीय? डॉ. आंबेडकरांनी! लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते आपोआप अश्लील ठरत नाही आणि वाचक शंका विचारत असेल तर त्याला उत्तर मिळालं पाहिजे, अशी बाबासाहेबांची बाजू होती. तरीही १९३४ मध्ये ते खटला हरले. दोनशे रुपये दंड झाला. सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले ते २०१८ मध्ये. म्हणजे मधे चौऱ्याऐंशी वर्षं गेली.

दंड भरला आणि पुढचा अंक काढला. दर वेळी हेच.

विरोध फक्त सनातनी लोकांचाच होता असं नाही. गांधीजींना संयम मान्य होता, साधनं मान्य नव्हती. १९३५ मध्ये मार्गारेट सँगर त्यांना वर्ध्याला येऊन भेटल्या, तरी त्यांचं मत बदललं नाही. सगळा देश गांधीजींच्या मागे असताना र. धों. त्यांच्या या मतावर उघड टीका करत होते. म्हणजे सरकार विरोधात, धर्ममार्तंड विरोधात आणि देशाचे लाडके नेतेही विरोधात. १९३८ मध्ये आंबेडकरांच्या पक्षानं मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला, तोही फेटाळला गेला.

या सगळ्यात त्यांच्या पत्नी मालतीबाईंचं नाव कमी घेतलं जातं, त्याचा मला राग येतो. दोघांनी मूल न होऊ देण्याचा निर्णय घेतला आणि तो पाळला. त्या काळात मूल नसलेल्या बाईला काय काय ऐकून घ्यावं लागत असेल, याची कल्पना करा. टीका र. धों.वर छापून यायची, पण टोमणे घरापर्यंत येत असणार. आमच्याकडं गेल्या सुट्टीत आत्यानं माझ्यासाठी स्थळ आणलं होतं. मुलगा चांगला, पगार चांगला, शिक्षण लग्नानंतरही पूर्ण कर म्हणे. माझं काय म्हणणं आहे ते विचारायचं मात्र राहून गेलं. बाबांनी तूर्त थांबू म्हटलं म्हणून विषय टळला. पण तोही निर्णय बाबांचाच, माझा नाहीच! मालतीबाईंबद्दल वाचल्यापासून ठरवलंय, पुढच्या वेळी उत्तर मी देणार. आणि ते उत्तर टिकायचं असेल तर माझी नोकरी आधी हवी. र. धों.ही बायकांच्या स्वातंत्र्याबरोबर त्यांच्या स्वतःच्या कमाईचा आग्रह धरायचे, तो का, हे मला आत्ता समजतंय.

त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. ते फार तिखट लिहायचे आणि समोरच्याला दुखवायला कचरत नसत. कॉन्व्हेंटच्या चॅपलमध्ये दहा वर्षं बसलेल्या मला, त्यांची धर्माबद्दलची मतं वाचताना मधेच पुस्तक मिटावंसं वाटलं. त्या काळच्या संततिनियमनाच्या चळवळीत चांगली प्रजा, कमी प्रतीची प्रजा अशीही भाषा चालायची, ती तर आज कोणालाच मान्य होऊ नये. पण मला वाटतं, माझ्या या तक्रारीचा त्यांना राग आला नसता. तुझं लॉजिक काय ते दाखव, एवढंच त्यांनी बघितलं असतं.

१९५२ मध्ये स्वतंत्र भारतानं कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. असा सरकारी कार्यक्रम काढणारा आपला देश जगात पहिला. ज्या गोष्टीसाठी त्यांची नोकरी गेली, दंड झाले, ती सरकारनं स्वतः हाती घेतली. पुढे लाल त्रिकोण भिंतीभिंतीवर दिसू लागला, पण तो बघायला ते नव्हते. १४ ऑक्टोबर १९५३ ला र. धों. गेले. नोव्हेंबर १९५३ चा ‘समाजस्वास्थ्य’ हा शेवटचा अंक. वडील मागे राहिले. महर्षींना १९५८ मध्ये, शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळालं. मुलाच्या वाट्याला असं काही आलं नाही. पुढे २००१ मध्ये अमोल पालेकरांनी त्यांच्यावर ‘ध्यासपर्व’ हा सिनेमा काढला. कोणाच्या लॅपटॉपवर मिळाला तर कॉमन रूममध्ये जरूर लावा, मी पॉपकॉर्न आणते!

आपण उद्या इंजिनिअर होऊ. कोणी अंधेरीच्या आयटी कंपनीत बसेल, कोणी बोरिवली-मुलुंडला वन बीएचकेचा हप्ता भरेल. नोकरी सोडून मासिक काढा असं मी कोणालाच सांगणार नाही, आई-बाबा मला मारतील. पण स्वतःचं मत आणि महिन्याचा पगार यांतलं एक निवडायची वेळ आपल्यापैकी प्रत्येकावर कधीतरी येईलच. तेव्हा बाकी काही आठवलं नाही तरी चालेल, त्रेचाळिसाव्या वर्षी राजीनामा देणारे हे मॅथ्सचे सर आठवा.