थर्मामीटरवाला काउंट

बेंजामिन थॉम्पसन, म्हणजेच पुढचा काउंट रम्फर्ड, १७५३ साली अमेरिकेतल्या वोबर्नमध्ये जन्मला. स्वातंत्र्ययुद्धात त्याने ब्रिटिशांची बाजू धरली आणि १७७६ मध्ये बायको-मुलीला मागे टाकून लंडन गाठले. माणूस म्हणून तो फारसा लोभस नव्हताच. पण हातात थर्मामीटर आला की त्याच्याइतका चिकट दुसरा नाही. म्युनिकमध्ये त्याने तोफेच्या धातूभोवती पाणी ठेवले, घोड्यांकरवी बोथट गिरमिट फिरवले आणि तापमान नोंदत राहिला. अडीच तासांत पाणी उकळले, तेही विस्तवाशिवाय! उष्णता हा पदार्थ नसून गती आहे, असे त्याने १७९८ मध्ये मांडले.

लंडनच्या घरांना मात्र त्याचा खरा उपयोग झाला तो भिंतीतल्या शेकोटीमुळे. तिथली धुराडी अवाढव्य असत. ऊब वर निघून जाई आणि धूर खोलीत उतरे. अशा कोंडलेल्या धुराने फुफ्फुसांचे काय होते, हे चुलीपुढे बसणाऱ्यांना विचारावे. रम्फर्डने शेकोटी उथळ केली, ऊब खोलीकडे फेकली जावी म्हणून बाजूच्या भिंती तिरक्या केल्या आणि धुराड्याचा गळा आवळून चार इंचांवर आणला. वाट अरुंद होताच धूर सरळ वर जाऊ लागला, कोळसाही कमी लागू लागला.

पुढे त्याने शास्त्रज्ञ लव्हाझिएच्या विधवेशी लग्न केले. ते टिकले नाही. १८१४ मध्ये पॅरिसजवळ तो वारला.