चिमणीवर छर्रा झाडणारा पोरगा झाला पक्ष्यांचा डॉक्टर

डॉ. सलीम अली जन्मले १२ नोव्हेंबर १८९६ ला, मुंबईत. आईवडील लवकर गेले, मामा अमीरुद्दीन तय्यबजींनी वाढवलं. आपल्याकडं पोरं गलोल घेऊन हिंडतात, तशी याच्याकडं छऱ्याची बंदूक. दहाएक वर्षांचा असताना एक चिमणी पाडली, तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग! ही कोणती? मामांनाही सांगता येईना. पण त्यांनी विषय तिथंच सोडला नाही, पोराला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत धाडलं. तिथल्या मिलार्डसाहेबांनी कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले. पोराला नाद लागला तो कायमचा.

मोठेपणी नोकरी गेली, तेव्हा सलीम अली अलिबागजवळच्या किहीमला बायकोच्या माहेरच्या घरी राहिले. १९३० साली तिथंच जवळच्या सुगरण पक्ष्यांची घरटी ते तासन्‌तास बघत बसले. नाव सुगरण, पण विणकाम नराचं! तो घरटं अर्धं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तरच पुढचं काम. ती अंड्यांवर बसली की गडी दुसरं घरटं विणायला मोकळा.

१९४१ ला भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं पुस्तक आलं, १९७६ ला पद्मविभूषण मिळालं. १९८७ ला मुंबईत ते वारले.