मेरी सोमरव्हिल

मेरी सोमरव्हिल (२६ डिसेंबर, इ.स. १७८० - २९ नोव्हेंबर, इ.स. १८७२) या स्कॉटिश गणिताभ्यासक आणि विज्ञानलेखिका होत्या. शालेय शिक्षण जवळजवळ न मिळताही त्यांनी अंकगणितापासून कलनशास्त्रापर्यंतचा अभ्यास बहुतांशी स्वप्रयत्नाने केला. लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाच्या ग्रहगतिविषयक ग्रंथाचे इंग्रजी विवरण हे त्यांचे सर्वांत महत्त्वाचे गणिती कार्य होय.

== बालपण ==

मेरी फेअरफॅक्स यांचा जन्म स्कॉटलंडमधील जेडबरा येथे झाला. वडील विल्यम फेअरफॅक्स हे नौदलात अधिकारी असल्याने दीर्घकाळ समुद्रावर असत. मेरी यांचे बालपण समुद्रकाठच्या बर्नटायलंड या गावी गेले. मुलींना धर्मग्रंथ वाचता आला आणि घर चालवता आले म्हणजे पुरे, अशी त्या काळची समजूत होती. दहाव्या वर्षी त्यांना मसलबरा येथील निवासी शाळेत पाठवण्यात आले. मात्र एका वर्षाच्या त्या शिक्षणातून त्यांना धड लिहिताही येईना. अक्षर आणि अंकगणिताचे सामान्य नियम त्या सुमारे तेराव्या वर्षी एडिनबरा येथील लेखनशाळेत शिकल्या.

== गणिताची ओळख ==

एका चहापानाच्या प्रसंगी स्त्रियांच्या मासिकातील एक कोडे त्यांच्या दृष्टीस पडले. त्यात अंकांबरोबर अक्षरेही होती. तो बीजगणिताचा प्रकार आहे, एवढेच त्यांना सांगण्यात आले. घरातील नौकानयनाचे पुस्तक त्यांनी चाळले, पण आवश्यक ती पूर्वतयारी नसल्याने ते त्यांना उमगले नाही. पुढे चित्रकार अलेक्झांडर नॅस्मिथ यांच्या बोलण्यातून त्यांना युक्लिडच्या भूमितीचे महत्त्व कळले. यथार्थदर्शनाचा, तसेच खगोलशास्त्राचा पाया तोच ग्रंथ होय, असे नॅस्मिथ आपल्या विद्यार्थिनीला सांगत होते.

तरुण मुलीने दुकानात जाऊन असे पुस्तक मागणे प्रशस्त मानले जात नसे. अखेर धाकट्या भावाच्या शिक्षकांनी युक्लिडची 'मूलतत्त्वे' आणि बॉनीकॅसल यांचे बीजगणित त्यांना आणून दिले. दिवसा घरकाम, शिवण आणि पियानो यांत वेळ जाई; म्हणून त्या रात्री अभ्यास करीत. मेणबत्त्या लवकर संपतात अशी नोकरांनी तक्रार केल्यावर, मेरी अंथरुणावर पडताच मेणबत्ती काढून नेण्याचा हुकूम झाला. तोवर युक्लिडची पहिली सहा पुस्तके वाचून झाली होती. मेरी अंधारात पहिल्या पुस्तकापासून एकेक सिद्धता मनात मांडू लागल्या. गणिताच्या ताणाने मुलीच्या डोक्यावर परिणाम होईल, अशी वडिलांना भीती वाटे.

== विवाह आणि पुढील अभ्यास ==

इ.स. १८०४ मध्ये त्यांचा विवाह सॅम्युअल ग्रेग यांच्याशी झाला. स्त्रियांच्या विद्याभ्यासाविषयी ग्रेग यांचे मत अनुकूल नव्हते. इ.स. १८०७ मध्ये ग्रेग यांचे निधन झाले आणि मेरी मुलांसह बर्नटायलंडला परतल्या. आता त्यांना आर्थिक स्वातंत्र्य होते. त्यांनी त्रिकोणमिती, शंकुच्छेद आणि खगोलशास्त्र असा क्रमाने अभ्यास केला व नंतर न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' हाती घेतला. इ.स. १८११ मध्ये एका गणितविषयक नियतकालिकातील प्रश्न सोडवल्याबद्दल त्यांना रौप्यपदक मिळाले.

गणितज्ञ विल्यम वॉलेस यांनी त्यांना पुढील वाचनासाठी ग्रंथांची यादी दिली. ब्रिटनमधील गणित तेव्हा न्यूटनच्या जुन्या चिन्हपद्धतीला चिकटून होते, तर फ्रान्समध्ये लाइब्निट्सच्या चिन्हपद्धतीच्या आधारे कलनशास्त्र बरेच पुढे गेले होते. त्यामुळे मेरी यांनी तिशी उलटल्यावर फ्रेंच ग्रंथांवरून हा विषय नव्याने आत्मसात केला. इ.स. १८१२ मध्ये त्यांनी मावसभाऊ विल्यम सोमरव्हिल या डॉक्टरांशी दुसरा विवाह केला. या पतीने त्यांच्या अभ्यासाला सर्वतोपरी साहाय्य केले.

== ग्रंथलेखन ==

इ.स. १८२७ मध्ये लॉर्ड ब्रूअम यांनी लाप्लासचा ग्रंथ इंग्रजी वाचकांसाठी सुलभ करण्याची विनंती केली. आपले शिक्षण अपुरे आहे, असे मेरी यांना वाटत होते. काम गुप्त ठेवावे आणि ते न साधल्यास हस्तलिखित अग्नीत टाकावे, या अटीवर त्यांनी ते स्वीकारले. लंडनच्या घरी पाहुण्यांची घंटा वाजताच त्या कागद लपवीत.

'मेकॅनिझम ऑफ द हेवन्स' हा ग्रंथ इ.स. १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला. लाप्लास पुष्कळ पायऱ्या गाळून थेट निष्कर्षावर येतो. मेरी यांनी त्या पायऱ्या भरून काढल्या आणि आकृत्या व स्पष्टीकरणे जोडली. पूर्वतयारी अपुरी असलेला वाचक कोठे अडतो, हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होते. केंब्रिज येथे प्रगत विद्यार्थ्यांसाठी हा ग्रंथ वापरला गेला. पुढे त्यांनी भौतिक विज्ञानांचा परस्परसंबंध (इ.स. १८३४) आणि प्राकृतिक भूगोल (इ.स. १८४८) या विषयांवर ग्रंथ लिहिले. एडा लव्हलेस यांनाही गणिताच्या अभ्यासात त्यांचे मार्गदर्शन लाभले.

== सन्मान आणि अखेरची वर्षे ==

इ.स. १८३५ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने कॅरोलाइन हर्शेल यांच्यासह त्यांना सन्माननीय सदस्यत्व दिले. इ.स. १८३८ पासून त्यांचे वास्तव्य प्रामुख्याने इटलीत होते. स्त्रियांच्या मताधिकारासाठी जॉन स्टुअर्ट मिल यांनी पार्लमेंटात सादर केलेल्या अर्जावर त्यांची स्वाक्षरी होती. गणित सोडून लोकप्रिय विज्ञानलेखनाकडे वळलो, याची उतारवयात त्यांना खंत वाटे. नव्वदी ओलांडल्यावरही त्या सकाळी उच्च बीजगणिताचे ग्रंथ वाचीत. नेपल्स येथे त्यांचे निधन झाले.

ऑक्सफर्ड येथे इ.स. १८७९ मध्ये स्त्रियांसाठी स्थापन झालेल्या सोमरव्हिल कॉलेजला त्यांचे नाव देण्यात आले. नाशिक येथे जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या विद्यार्थिनी कॉर्नेलिया सोराबजी यांनी कायद्याचे शिक्षण याच कॉलेजमधून घेतले.