एका वर्षाची अट

खानवेल मागे पडले की दुधनीचा रस्ता डोंगरांतून वळणे घेऊ लागतो आणि थोड्या वेळाने मधुबन धरणाचे पाणी दिसते. सिल्वासात वर्षानुवर्षे राहणाऱ्या आपल्या मराठी घरांनी पाहुण्यांना घेऊन ही वाट कितीदा तरी केली आहे. नावेत बसायचे, डबे उघडायचे, संध्याकाळी परतायचे. वाटेतले वारली आणि कोकणा पाडे मात्र आपण गाडीच्या काचेतूनच पाहतो. अशा पाड्यांतल्या मुलांच्या पोटात काय जाते, याचा विचार प्रयोगशाळेत बसून करणाऱ्या एका मराठी बाईंची आठवण यंदाच्या स्मरणिकेत करावी असे आम्हाला वाटले. त्या म्हणजे डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. दुर्गाबाई भागवत यांच्या धाकट्या भगिनी.

आज आपल्या घरातली बी.एस्सी.ची मुले-मुली प्रोजेक्टसाठी सरांच्या प्रयोगशाळेत जातात, त्याचे आपल्याला फारसे अप्रूप वाटत नाही. कमलाबाईंना ही पहिली संधी भांडून मिळवावी लागली.

१९३३ साली त्या मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाल्या. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. त्याच संस्थेत आपणही जावे, हे घरातच पाहिलेले स्वप्न होते. अर्ज मात्र नामंजूर झाला, आणि कारण एवढेच की अर्जदार मुलगी होती. संचालक होते सर सी. व्ही. रामन; तीन वर्षांपूर्वीच नोबेल मिळालेले. एवढ्या मोठ्या माणसाचा शब्द म्हणून कुणीही गप्प बसले असते. कमलाबाई बंगळूरला गेल्या, कारण विचारले आणि प्रवेश मिळेपर्यंत सत्याग्रहाची तयारी दाखवली.

प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतसुद्धा, काम करायचे. प्रयोगशाळेतल्या पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष आपल्यामुळे विचलित होऊ द्यायचे नाही. हा अपमान त्यांना आयुष्यभर बोचत राहिला आणि उतारवयातही त्यांनी तो जाहीरपणे बोलून दाखवला. त्या वेळी मात्र अटी मान्य करून त्या कामाला लागल्या.

त्यांचे पहिले मार्गदर्शक एम. श्रीनिवासय्या शिस्तीचे कडक, पण विद्यार्थी मनापासून शिकणारा असेल तर हातचे काही न राखता शिकवणारे. जगात या विषयावर कोण काय करते आहे ते वाचायचे, त्या शास्त्रज्ञांशी पत्रव्यवहार करायचा, ही सवय कमलाबाईंना इथे लागली. काम होते दूध आणि डाळी-कडधान्यांतील प्रथिनांवर. ज्या देशात गरिबाचे पोषण मुख्यतः डाळीवर चालते, तिथे हा विषय साधा नव्हता. वर्ष संपले तेव्हा रामन यांचे समाधान झाले होते. कमलाबाईंना नियमित प्रवेश मिळालाच, शिवाय पुढे येणाऱ्या मुलींसाठीही संस्थेचे दार उघडले. आम्हाला वाटते, त्या एका वर्षाची खरी कमाई हीच. परीक्षा एकटीची होती, निकाल मात्र सगळ्यांना लागू झाला.

१९३६ मध्ये एम.एस्सी. करून त्या केंब्रिजला गेल्या. तिथे रॉबिन हिल यांच्याबरोबर बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असते, हे त्यांनी दाखवले. अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधावर १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली आणि त्या भारतात परतल्या.

दिल्ली आणि कुन्नूर इथे काम केल्यावर १९४७ मध्ये विवाहानंतर त्या मुंबईला आल्या. विज्ञान संस्थेत आता विद्यार्थी त्यांच्या हाताखाली संशोधनाचे धडे घेऊ लागले. तिथलेच त्यांचे नीरेवरचे काम. ताड आणि शिंदी आपल्या या वारली मुलुखाला नवी नाहीत. पहाटे उतरवलेला, न आंबलेला रस म्हणजे नीरा; आंबला की ताडी. नीरेत जीवनसत्त्वे आणि लोह असते, तिचा गूळ केला तरी ते टिकते आणि आदिवासी मुलांना व गर्भवतींना ती दिल्यास प्रकृती सुधारते, हे त्यांच्या अभ्यासातून पुढे आले. या कामाला राष्ट्रपतींचा पुरस्कार लाभला.

त्याच संस्थेचे संचालकपद मात्र त्यांना अंतर्गत राजकारणामुळे उशिरा मिळाले. एक दार उघडले म्हणजे सगळीच उघडतात असे नाही. निवृत्तीनंतरही त्या ग्राहक चळवळीत काम करत राहिल्या. १९९८ मध्ये दिल्लीत त्यांच्या सत्काराच्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले.

पुढच्या वेळी दुधनीच्या वाटेवर ताडाचे झाड दिसले की मुलांना कमलाबाईंची ही गोष्ट जरूर सांगावी. आणि घरातली एखादी मुलगी प्रयोगशाळेतून रात्री उशिरा परतली, तर उशीर का झाला हे विचारण्याआधी आज काय सापडले, ते विचारावे.