किल्लीची राखण : अर्देशीर गोदरेज

मुंबई : घाटकोपर सोडून लोकल विक्रोळीकडे निघाली की 'गोदरेज' हे नाव दिसू लागते. मराठी घरांत लोखंडी कपाटालाही 'गोदरेजचे कपाट' असेच म्हटले जाते. मात्र ज्यांनी या नावाला पत मिळवून दिली, ते अर्देशीर गोदरेज विक्रोळीचा कारखाना पाहण्यास हयात नव्हते.

अर्देशीर यांचा जन्म 1868 साली मुंबईतील पारशी कुटुंबात झाला. पत्नीचे अकाली निधन झाल्यावर त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. वकिलीचे शिक्षण घेऊन 1894 मध्ये ते एका खटल्यासाठी झांझिबारला गेले. अशिलासाठी सत्याला मुरड घालावी लागेल, हे लक्षात येताच त्यांनी नकार दिला आणि वकिलीच सोडली.

मुंबईत परतल्यावर मेरवानजी कामा यांच्याकडून 3 हजार रुपये कर्जाऊ घेऊन त्यांनी शस्त्रक्रियेची उपकरणे बनवली. माल उत्तम होता. पण त्यावर भारतीय बनावटीची मुद्रा नको, अशी ग्राहकाची अट होती. ती न मानल्याने धंदा बुडाला.

त्याच सुमारास मुंबईतील वाढत्या घरफोड्यांची बातमी त्यांच्या वाचनात आली. 1897 मध्ये लालबागला, गॅस कंपनीच्या शेजारी, छोट्या शेडमध्ये कुलपांचा कारखाना सुरू झाला. अर्देशीर यांचे वेगळेपण असे, की कुलूप केवळ भक्कम करून ते थांबले नाहीत. चोर काय करील, याचा त्यांनी विचार केला. त्यांच्या 'डिटेक्टर' कुलपात परकी किल्ली फिरवली की खटका अडकून बसे. मूळ किल्लीनेच तो सुटे आणि कोणीतरी प्रयत्न केला होता, हे मालकाला कळे. दुसऱ्या एका कुलपाच्या दोन किल्ल्यांपैकी एकीने आतील रचना बदलून दुसरी निकामी करता येई. किल्ली हरवली तरी कुलूप टाकून द्यावे लागत नसे.

1902 मध्ये तिजोऱ्या आल्या. पुढे वनस्पती तेलाचा साबणही त्यांनी बनवला. 1921 मध्ये टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी 3 लाख रुपये दिले. 1936 मध्ये त्यांचे निधन झाले. धाकटे बंधू पिरोजशा यांनी उद्योग विक्रोळीला नेला. तेथेच 1951 मध्ये पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी 12 लाखांहून अधिक मतपेट्या तयार झाल्या.

आज बँकांच्या सर्व्हरमध्ये 'हार्डवेअर सिक्युरिटी मोड्यूल' नावाची इलेक्ट्रॉनिक तिजोरी बसवतात. व्यवहारांच्या सांकेतिक किल्ल्या तिच्यातून उघड्या स्वरूपात बाहेर पडत नाहीत. फोडण्याचा प्रयत्न झाला तर ती त्या पुसून टाकते. बसवण्यापूर्वी वेष्टनाचे सील आणि उपकरणाचा क्रमांक ताडून पाहतात. मुख्य किल्लीचे भाग निरनिराळ्या अधिकाऱ्यांकडे दिले जातात, जेणेकरून एकट्याला ती वापरता येऊ नये. परक्या हाताची चाहूल लागणे आणि धोक्यात आलेली किल्ली निरुपयोगी करणे, ही लालबागच्या शेडमधील सूत्रेच येथे नव्या रूपात दिसतात.

तंत्र बदलले, तरी एक गोष्ट कायम आहे. तिजोरी घेणारा तिच्या आत डोकावून पाहू शकत नाही. त्याला बनवणाऱ्याच्या आणि बसवणाऱ्याच्या सचोटीवर विसंबावे लागते. खोटे बोलण्यापेक्षा वकिली सोडणाऱ्या माणसाच्या कुलपावर लोकांनी विश्वास टाकला, यात म्हणूनच नवल नाही.