हंस, दमयंती आणि राजा रविवर्मा

नेरे (पनवेल), प्रतिनिधी : येथील एका जुन्या घराच्या ओटीवर हंसाशी हितगुज करणाऱ्या दमयंतीची तसबीर आजही आहे. रंग विटले आहेत. तरीही हंसाने नळाचा निरोप आणला आहे, हे घरात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. युरोपीय चित्रकारांनीही विवाह असाच खुणांनी सुचविला. टिशियनने १५१४ च्या सुमारास व्हेनिसमधील एका विवाहानिमित्त रंगविलेल्या चित्रात वधूवेशातील स्त्रीजवळ बालरूपातील मदन पाण्याशी खेळतो आहे. त्याच परंपरेतील तैलरंगांची विद्या आत्मसात करणाऱ्या राजा रविवर्मा यांनी मदनाच्या जागी हंस आणला.

केरळमधील किळिमानूर येथे २९ एप्रिल १८४८ रोजी त्यांचा जन्म झाला. अठराव्या वर्षी मावेलिक्करा राजघराण्यातील भागीरथीबाईंशी त्यांचा विवाह झाला. हे घराणे मातृवंशीय असल्याने पत्नी माहेरीच राहिली. चित्रकार मात्र धाकटे बंधू राजा राजवर्मा यांच्यासह संस्थानोसंस्थानी फिरत राहिला. १८९१ मध्ये भागीरथीबाई निवर्तल्या.

त्याच सुमारास बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांसाठी त्यांनी चौदा पौराणिक चित्रे पूर्ण केली होती. सुभद्रेला आर्जवणारा अर्जुन त्यांत आहे; पण निजलेल्या दमयंतीला टाकून जाणारा नळही आहे, आणि स्मशानातील तारामतीही. युरोपात वधूच्या पायाशी दिसणारे कुत्रे निष्ठेची खूण मानले जाते. रविवर्मांची चित्रे पाहताना प्रश्न पडतो तो पतीच्या निष्ठेचा. दुष्यंताच्या आठवणीत हरवलेली शकुंतला त्यांनी वारंवार का रंगविली असावी? घरापासून दूर राहिलेल्या या चित्रकाराला विरहाचा विषय परका नव्हता, एवढे खास.

ही चित्रे सामान्यांच्या भिंतीवर पोहोचली ती छपाईमुळे. १८९४ मध्ये गिरगावात त्यांचा छापखाना सुरू झाला. प्लेगच्या दिवसांत तो घाटमाथ्यावर, लोणावळ्यानजीक मळवलीला हलविण्यात आला. अनेक नायिकांना त्यांनी महाराष्ट्रीय धाटणीचे लुगडे नेसविल्याने इकडच्या घरांना त्या आपल्याच वाटल्या. छपाईचा व्यवहार मात्र रविवर्मांना पेलला नाही. कर्ज वाढले आणि छापखाना फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला.

१९०५ मध्ये राजवर्मा गेले. पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९०६ रोजी, किळिमानूरला रविवर्मांचे निधन झाले.